आपल्या आमदारांनी पुराबद्दल विधानसभेत नेमकं काय विचारावं? मसुदा आपणच करूया

बिंदूचौककर

नमस्कार मंडळी. धागा जरा मोठा झालाय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

दर पावसाळ्यात एकच गोष्ट बघतोय. तिकडं मुंबईत अधिवेशन चालू असतं आणि इकडं राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याचा आकडा चढायला लागलेला असतो, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, अख्ख्या कोल्हापूरला हे पाठ आहे. त्याच दिवसांत जिल्ह्यातले कोणीतरी आमदार सभागृहात उभे राहतात, पुरावर तळमळीनं बोलतात, मंत्री म्हणतात शासन सकारात्मक आहे, बैठक लावू, अहवाल मागवू, आणि दुसऱ्या दिवशी "आमदारांनी लक्ष वेधले" म्हणून बातमी सगळ्या ग्रुपवर फिरते. पुढं बैठक झाली का, अहवाल आला का, कोण विचारतंय? आमदारही नाही आणि आपणही नाही. २०१९ ला पाणी ५५ फुटाच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. दोनच वर्षांत आधीचा आकडा मागं पडला आणि आपण अजून "लक्ष वेधले" वरच खूश आहोत.

विधिमंडळाच्या वेबसाइटवर प्रश्नोत्तराच्या याद्या असतात, त्या मी हल्ली बसून वाचतोय. ज्यांनी बघितल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो, प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. (१) अमुक ठिकाणी अमुक झाले हे खरे आहे काय, (२) असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? आणि खाली मंत्र्यांचं उत्तर, (१) हे अंशतः खरे आहे, (२) व (३) कार्यवाही सुरू आहे, (४) प्रश्न उद्भवत नाही. संपलं. हजारो लोकांच्या घरात पाणी शिरतं आणि कागदावर प्रश्न उद्भवत नाही.

पण अशा बऱ्याच याद्या वाचल्यावर एक लक्षात आलं. प्रश्न सैल असला की उत्तर सैल येतं. "पूरग्रस्तांना कायमस्वरूपी न्याय देण्याबाबत" असं विचारलं तर मंत्र्यांना काहीही सांगता येतं. त्याऐवजी एकच गाव, एकच योजना, किती मंजूर, किती खर्च, किती शिल्लक, कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच विचारलं तर आकडा द्यावाच लागतो आणि तो छापून कायमचा राहतो. पुढच्या वेळी तोच कागद घेऊन कोणीही विचारू शकतं.

म्हणून म्हणतो, भाषण नको, प्रश्न द्या. आणि ते प्रश्न आपण तयार करून देऊया. कोणाला काय माहिती आहे ते लिहा. पक्षाचं राजकारण इथं नको, आमदार कुठल्याही पक्षाचा असो, प्रश्न आपला आहे.

ताराराणी_शाहूपुरी

खूप दिवसांनी कामाचा धागा. माझ्याकडून एक विषय, पूररेषा.

आमच्या शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला, रमणमळ्यात, नागाळा पार्कात पाणी येतं हे आता नवीन राहिलेलं नाही. पण दर पुरानंतर त्याच भागात नव्या इमारती उभ्या राहिलेल्या दिसतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या, असं धरतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामच करायचं नसतं, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. आता मला सांगा, १०० वर्षांत एकदा येणारा पूर जर २००५, २०१९ आणि २०२१ असा येत असेल तर त्या रेषा कशाच्या आधारावर आखल्यात? २०२१ नंतर त्या पुन्हा तपासल्या का? आणि मधल्या पट्ट्यात परवानग्या किती दिल्या?

महापालिकेत विचारायला जावं तर २०२० नंतर कित्येक वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. नगरसेवक नाही, महासभा नाही, प्रश्न विचारायची जागाच नाही. त्या काळात दिलेल्या परवानग्यांचा हिशेब विधानसभेतच मागायला हवा.

करवीर_वकील

ताईंचा मुद्दा पक्का आहे पण यात दोन खाती येतात हे ध्यानात घ्या. रेषा आखतं जलसंपदा आणि बांधकाम परवानगीचा विषय नगरविकासचा. एकाच प्रश्नात दोन्ही घातलं की एक खातं दुसऱ्याकडं बोट दाखवतं आणि उत्तर येतं "माहिती घेण्यात येत आहे". दोन वेगळे प्रश्न करा. कृष्णा खोऱ्याचं जलसंपदा राधाकृष्ण विखे पाटलांकडे आणि नगरविकास एकनाथ शिंदेंकडे.

बाकी सभागृहात विषय मांडायची आयुधं थोडक्यात सांगतो, म्हणजे कशाला काय मागायचं ते कळेल. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना उभं राहून द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी मजबुती उपप्रश्नात आहे, कारण तिथं सचिवांनी लिहून दिलेला कागद पुरत नाही. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. लोकांना वाटतं अतारांकित म्हणजे दुय्यम, पण आकडेवारी काढायला तेच बरं. तारांकित प्रश्न तासाभरात मोजकेच होतात, यादीत आपला नंबर खाली गेला की वेळ संपते. लक्षवेधी तातडीच्या विषयाला, अध्यक्षांनी मान्य केली तरच. उत्तरानं समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. आणि मंत्र्यांनी सभागृहात "करतो" म्हटलं की ते आश्वासन होतं, त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. मंत्री विसरले तरी समितीला विसरता येत नाही, फक्त कोणीतरी आठवण करून द्यायला पाहिजे. आपल्याकडं पाठपुरावा इथंच तुटतो.

आणखी एक. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. पाणी ४० फुटाला आल्यावर मसुदा करून उपयोग नाही, तेव्हा फार तर लक्षवेधी. पावसाळी अधिवेशनाचे प्रश्न उन्हाळ्यातच तयार पाहिजेत.

रंकाळा_९२

सगळं खरंय पण मुळात विचारणार कोण? २०२४ ला जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्या मित्रांकडं गेल्या. सत्तेतला आमदार स्वतःच्याच मंत्र्याला अडचणीत आणणारा प्रश्न कशाला विचारेल? निधी मिळायचा बंद होईल की.

करवीर_वकील

असं काही नाही. सत्ताधारी बाकावरून रोज प्रश्न पडतात, याद्या उघडून बघा. उलट सत्तेतल्या आमदारानं विचारलं तर मंत्री विरोधकाचं राजकारण म्हणून झटकू शकत नाहीत. दहापैकी हसन मुश्रीफ आणि प्रकाश आबिटकर दोघं मंत्री आहेत, ते प्रश्न विचारू शकत नाहीत, उत्तर देतात. म्हणजे विधानसभेत विचारणारे आठ उरले. शिवाय वरच्या सभागृहात सतेज पाटील विरोधी बाकावर आहेत. विधान परिषदेतही तारांकित, लक्षवेधी सगळं असतं. एकच मसुदा दोन्हीकडं द्या, जो घेईल त्याचं नाव होऊ दे, आपल्याला उत्तराशी मतलब.

प्रयागचिखलीकर

मला एवढं कायद्याचं कळत नाही पण आमचं गाव सगळ्यात आधी पाण्यात जातं म्हणून लिहितो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आमच्याजवळच एक होऊन पंचगंगा होते, म्हणून तर प्रयाग. देवाच्या दृष्टीनं लई मोठं ठिकाण, पण राहायला बसलं की कळतं.

१९८९ च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीला सोनतळीला जागा द्यायचं ठरलं. तेव्हा जन्मलेली पोरं आता बापय झाली, त्यांची पोरं शाळंत जात्यात. काहींना प्लॉट मिळाले, काहींचे कागद अजून पुरे न्हाईत, काहींचं कुटुंब तेव्हा एक होतं त्याची आता चार झाली. म्हणून माणसं दोन्हीकडं अडकल्यात. नदीकाठची जमीन न्हाई सोडवत आणि वर घर बांधायला पैसा न्हाई.

पाणी ३७-३८ ला आलं की आमच्याकडं काय चालतं ते सांगतो. सरकारी नोटीस यायच्या आधीच आम्ही हलतो. पहिली जनावरं. रात्री दोन वाजता म्हशी सोडायच्या, वैरण ट्रॉलीत भरायची, सगळ्या गावाची जनावरं एकाच रस्त्यानं सोनतळीकडं निघत्यात, पुढं एकजण बॅटरी घेऊन, मागं पोरं. गाभण म्हैस असली की ती चालत न्हाई, तिला टेम्पो शोधायचा आणि त्या रात्री टेम्पोवाला मागंल ते भाडं. मग धान्य माडीवर, गॅसची टाकी माडीवर, म्हातारी माणसं पाहुण्यांकडं. २०१९ ला ज्यांनी "एवढं न्हाई येत" म्हणून थांबायचं ठरवलं त्यांना नंतर बोटीतून काढावं लागलं आणि जनावरांची दावी कापून द्यावी लागली.

आमदारसाहेबांनी एवढंच विचारावं. सोनतळीत किती जणांना प्लॉट द्यायचे ठरले होते, किती जणांच्या नावावर झाले, किती राहिले, आणि राहिलेले कधी देणार त्याची तारीख. भाषण नको खरंच.

बिंदूचौककर

दादा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदात अख्खा तारांकित प्रश्न आहे. जसाच्या तसा घेतो. हा मदत व पुनर्वसन खात्याला जाईल, मकरंद पाटील मंत्री आहेत. गावातल्या कोणाकडं त्या वेळच्या वाटपाच्या यादीची किंवा तहसीलच्या पत्राची प्रत असेल तर बघा. प्रश्नाला कागद जोडला की आमदारांच्या पीएलाही तो बाजूला ठेवता येत नाही.

कात्रज_टू_कोल्हापूर

मी पुण्यात असतो, आईवडील कसबा बावड्यात. २०१९ ला शिरोलीत हायवे बंद पडला आणि कितीतरी दिवस घरी पोचता आलं नाही, औषधंही पाठवता येईनात, ते दिवस मी विसरू शकत नाही.

तुम्ही सगळे बारीक बारीक विषय काढताय पण मूळ दुखणं कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे. पाणी ५१९.६० मीटरपर्यंत अडवतात तरी ही अवस्था आहे आणि कर्नाटकला उंची ५२४.२५६ वर न्यायची आहे. हे झालं तर शिरोळ तालुका राहील का? आमदारांनी फक्त यावरच सभागृह दणाणून सोडलं पाहिजे.

निवृत्त_पाटबंधारे

भावना समजते. मी या खात्यात नोकरी केली आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो, राग मानू नये.

२०१९ च्या पुरानंतर राज्यानं वडनेरे समिती नेमली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला आणि त्यात अलमट्टीला त्या पुराचं मुख्य कारण मानलेलं नाही. कमी वेळात पडलेला प्रचंड पाऊस, नदीपात्रातली आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं, पाणी वाहून जायला अडथळे, यावर भर होता. त्यावर पुढं बरेच आक्षेप आले, राज्य सरकारही उंची वाढवायला विरोधच करतंय, आणि करायलाच हवा. कृष्णेला पाणी चढलेलं असलं की नृसिंहवाडीला पंचगंगा आत घेतली जात नाही, फुगवटा मागं सरकतो, हे शिरोळचा शेतकरी डोळ्यांनी बघतो, ते कोणी नाकारू नये.

पण सभागृहात प्रश्न म्हणून हा विषय घालताना दोन अडचणी आहेत. पाणीवाटप लवादानं २०१० ला उंचीला परवानगी दिली, तो निवाडा अजून राजपत्रात आलेला नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायप्रविष्ट म्हटलं की प्रश्नच नाकारला जाऊ शकतो. आणि दुसरं, आपले मंत्री कर्नाटकच्या धरणाबद्दल उत्तर तरी काय देणार, "केंद्राकडे पाठपुरावा सुरू आहे" एवढंच. म्हणून प्रश्न राज्याच्या हातात काय आहे यावर पाहिजे. फुगवट्याचा अभ्यास कोणत्या संस्थेला दिला, किती मुदत होती, अहवाल आला का, आला असेल तर सभागृहाच्या पटलावर कधी ठेवणार. हे विचारलं तर टाळता येत नाही.

आणि आपल्या घरचंही बघूया. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक. शाहू महाराजांनी सुरू केलेलं ते धरण, त्या काळाच्या मानानं फार पुढचा विचार. पण स्वयंचलित म्हणजे पाणी कधी सोडायचं हे त्या घडीला माणसाच्या हातात राहत नाही. म्हणून दरवाजे उघडायच्या आधी, जुलैत साठा किती ठेवायचा याला महत्त्व. माझा प्रश्न असा असेल, राधानगरी, तुळशी, कुंभी आणि कासारी या चारही धरणांत २०१९ पासून दर वर्षी ३१ जुलैला किती साठा ठेवायचं ठरलं होतं आणि प्रत्यक्षात किती होता? लेखी, तक्त्यासह. अतारांकितला उत्तम विषय. हा तक्ता एकदा छापून आला की पुढची चर्चा अंदाजावर होणार नाही.

कात्रज_टू_कोल्हापूर

साहेब पटलं. अभ्यासाचा अहवाल पटलावर ठेवा हा प्रश्न चांगला आहे, माझं त्याला अनुमोदन. मग शिरोलीच्या भरावाचं पण घाला. पंचगंगा पुलापासून शिरोलीपर्यंत हायवे भरावावर आहे, पाणी अडतं. तिथं पिलर घालून रस्ता वर घ्यावा ही मागणी किती जुनी आहे. रत्नागिरी रस्त्यावर केर्लीलाही तीच गत.

करवीर_वकील

हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग आहेत. विधानसभेत विचारलं की "सदर बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीत आहे" असं उत्तर येणार आणि प्रश्न वाया जाणार. हा खासदारांचा प्रश्न, लोकसभेत नितीन गडकरींच्या खात्याला. कोल्हापूरचे शाहू छत्रपती आणि हातकणंगलेचे धैर्यशील माने, दोघांनाही द्या. लोकसभेतही तारांकित-अतारांकित हीच पद्धत.

कोणता प्रश्न कोणाच्या दारात न्यायचा हे चुकलं की वर्षं जातात. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच व्हावं या मागणीत आम्ही वकिलांनी हे चांगलंच अनुभवलंय. राज्य सरकार, उच्च न्यायालय, केंद्र, प्रत्येक ठिकाणी वेगळं निवेदन, वेगळी भाषा. सहा जिल्ह्यांतली माणसं किती वर्षं नेटानं मागं लागली तेव्हा ऑगस्ट २०२५ ला बेंच सुरू झालं.

शिरोळचा_ऊस

भावांनो उसाचं कोण बोलणार का? पूर ओसरला की तुमच्या शहरात चिखल काढून दुकानं सुरू होत्यात, आमच्याकडं खरा पूर नंतर येतो. उसाच्या सुरळीत गाळ बसला की पोंगा, म्हणजे वाढीचा शेंडा, कुजतो. बाहेरनं बघितलं तर पानं हिरवी दिसत्यात, तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा ऊस उभा असतो, "हे तर जिवंत आहे" म्हणून नुकसान कमी लावतो, आणि महिन्याभरानं आतनं पोकळ निघतो.

आणि मदत किती? बागायतीला हेक्टरी १७ हजार हा निकष. हेक्टरात १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला १७० रुपये. गुंठ्याला टनभर ऊस धरला आणि टनाला तीन हजार धरले तरी हिशेब लहान पोराला कळतो. लागणीचा, खताचा, पाण्याचा खर्च तर त्यात धरलाच नाही मी. सोसायटीचं कर्ज तसंच उभं राहतं ते राहतंच.

निवृत्त_पाटबंधारे

उसाच्या पंचनाम्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. १७ हजार हा आपत्ती निधीचा केंद्रानं ठरवलेला दर, पण राज्य स्वतःच्या तिजोरीतून वाढीव देऊ शकतं आणि पूर्वी दिलेलंही आहे. शिवाय पंचनामा कधी करायचा हे तर पूर्णपणे राज्याच्या हातात. पाणी उतरल्यावर लगेच एक आणि काही आठवड्यांनी दुसरा, अशी दोनदा पाहणी उसासाठी करणार का? असा एकच प्रश्न विचारा. पैसा वाढवा म्हणण्यापेक्षा पद्धत बदला म्हणणं मंत्र्यांना नाकारायला अवघड जातं.

माजी_शिक्षक_वरणगे

हे सगळं वाचून एन. डी. पाटील सरांची फार आठवण झाली. विधान परिषदेत १८ वर्षं, १९८५ ते ९० कोल्हापूरचे आमदार, मध्ये सहकारमंत्रीही होते, म्हणजे त्यांनी दोन्ही बाजू बघितल्या होत्या. सर सभागृहात असोत नाहीतर टोलच्या आंदोलनात रस्त्यावर, कागद वाचल्याशिवाय बोलत नसत. सरकारचाच आकडा सरकारपुढं ठेवायचे. आवाज चढवायची गरजच पडत नसे असं नाही, चढवायचेही, पण आधी आकडा.

आपण लोक आमदाराला काय मागतो याचाही विचार व्हावा असं मला वाटतं. लग्नाला या, बारशाला या, मंडपाला देणगी द्या, गल्लीत पेव्हिंग ब्लॉक टाका. हे सगळं मागतो. "तुम्ही या अधिवेशनात किती प्रश्न दिले आणि काय उत्तरं आली" हे मागितल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. मतदारानंच मागितलं नाही तर आमदार त्याला वेळ का देईल? गावागावात ग्रामसभेत ती उत्तरं वाचून दाखवावीत असं मला मनापासून वाटतं. मी आमच्या गावात सुरुवात करायला तयार आहे, कोणी प्रिंट काढून दिली तर.

इचलकरंजी_माग

पुरासोबत प्रदूषण पण घ्या. २०१२ ला आमच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, हे बाहेरच्यांना आठवत पण नसेल. पाऊस संपला की तीच पंचगंगा काळी होते, तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दर वर्षी दोन वर्षांनी दिसतोच. तुमच्या शहराचं जयंती नाल्याचं पाणी आणि आमच्या कापड प्रोसेसर्सचं पाणी, दोन्ही खालच्या शिरोळवाल्यांच्या घशात जातं. त्यात आम्हाला दूधगंगेचं पाणी मागितलं तर कागलचे लोक आडवे येतात, त्यांचीही भीती खोटी नाही, पण मग आम्ही प्यायचं काय?

बिंदूचौककर

माग, विषय अगदी खरा आहे. पण या धाग्यात पूर एवढाच ठेवूया, नाहीतर सगळं कालवलं जाईल. प्रदूषणाचा वेगळा धागा तुम्ही काढा, पर्यावरण खातं पंकजा मुंडेंकडं आहे, मी मसुद्याला येतो. प्रश्न साधारण असा धरा, कसबा बावड्याचं ७६ एमएलडीचं (म्हणजे रोज ७६ दशलक्ष लिटर) आणि दुधाळीचं १७ एमएलडीचं केंद्र रोज प्रत्यक्षात किती सांडपाणी शुद्ध करतंय आणि किती थेट नदीत जातंय.

रंकाळा_९२

वर मी शंका काढली होती, पण सोनतळीचं वाचून राहवलं नाही. माझे मामा आंबेवाडीला आहेत, त्यांच्याकडं बोललो, वाटपाच्या वेळची काही पत्रं आहेत म्हणाले, रविवारी जाऊन फोटो काढतो. आमचे आमदार भेटतात ते सकाळी ऑफिसला, मी स्वतः घेऊन जातो मसुदा. भेटून दिलेलं आणि पोच घेतलेली बरी, व्हॉट्सॲपवर पाठवलेलं वाचत नाहीत.

ताराराणी_शाहूपुरी

पोच नक्की घ्या. आणि अधिवेशन संपलं की यादीत आपला प्रश्न आला का, उत्तर काय आलं, हे इथंच टाकायचं ठरवूया. नाही आला तर का नाही आला ते आमदारांना विचारायचं, शांतपणे, पण विचारायचंच. सभागृहाचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असतं, प्रश्नोत्तराचा तास सुरुवातीलाच असतो, मी शक्य तेवढे दिवस बघून लिहित जाईन.

पूररेषेचे दोन प्रश्न मी लिहून आणलेत.

जलसंपदासाठी: (१) पंचगंगा नदीची कोल्हापूर शहरातील निळी व लाल पूररेषा कोणत्या वर्षी व कोणत्या पुराच्या नोंदींच्या आधारे निश्चित करण्यात आली, (२) सन २०१९ व २०२१ मधील पूरपातळी विचारात घेऊन तिची फेरआखणी करण्यात आली आहे काय, (३) नसल्यास ती कोणत्या दिनांकापर्यंत करण्यात येणार आहे, (४) विलंबाची कारणे काय आहेत?

नगरविकाससाठी: (१) सन २०१९ ते आजपर्यंत निळ्या व लाल पूररेषेमधील क्षेत्रात किती बांधकाम परवानग्या देण्यात आल्या, वर्षनिहाय, (२) त्यापैकी किती प्रकरणी परवानगीतील अटींची पूर्तता झाल्याची प्रत्यक्ष तपासणी करण्यात आली, (३) निळ्या रेषेच्या आत किती बांधकामे आढळली व त्यावर काय कारवाई केली?

वकीलसाहेब, भाषा बघून घ्या.

करवीर_वकील

भाषा उत्तम. दुसऱ्यातला (३) वेगळा करा, नाहीतर तेवढ्यावरच "न्यायालयीन वाद प्रलंबित" म्हणून सगळं उत्तर त्यात गुंडाळतील. पहिल्याला तारांकित द्या, दुसऱ्याला अतारांकित. आणि उपप्रश्न आमदारांना वेगळ्या कागदावर द्या, मंत्र्यांनी "फेरआखणीचे काम सुरू आहे" म्हटलं की लगेच विचारायचं, काम कोणाला दिलं आणि कार्यादेश कोणत्या तारखेचा. एवढी तयारी असली की नवखा आमदारसुद्धा सभागृहात ठाम उभा राहतो.

शिरोळचा_ऊस

आमचा पंचनाम्याचा मसुदा कोण लिहून देणार? मला ही सरकारी भाषा जमत नाही, तुम्ही लिहा, माहिती मी देतो. कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर बाजूची पंचनाम्याची कागदं गोळा करायला आठ-दहा जण तयार केलेत.

बिंदूचौककर

मी लिहितो. तुम्ही पंचनाम्याची तारीख, त्यात लावलेलं नुकसान आणि नंतर त्याच रानातून कारखान्याला गेलेला ऊस, या तीन गोष्टी एकाच शेतकऱ्याच्या मिळतील असं बघा, कारखान्याची पावती असतेच प्रत्येकाकडं. अशी दहा-बारा जणांची कागदं जमली तरी प्रश्नात घालायला पुरेत. नावं प्रश्नात येणार नाहीत, गट नंबर झाकून प्रती द्या.

तर आतापर्यंत ठरलेलं असं. सोनतळीचा तारांकित, पूररेषेचा एक तारांकित आणि आता दोन अतारांकित, चार धरणांच्या साठ्याचा अतारांकित, फुगवट्याच्या अभ्यासाचा तारांकित, हे मी आजच टाइप करून ठेवतो. हायवेच्या भरावाचा मसुदा कात्रजनं खासदारांसाठी करावा. रंकाळा सोनतळीची पत्रं रविवारी टाकतोय. उसाची कागदं आली की तो शेवटचा प्रश्न घालून सगळा संच आठही आमदारांच्या आणि विधान परिषदेसाठी सतेज पाटलांच्या ऑफिसात पोच घेऊन द्यायचा. शाहूवाडी, चंदगड आणि हातकणंगलेला जाणारं कोणी अजून मिळालेलं नाही, त्या बाजूचं कोणी वाचत असेल तर खाली लिहा.